तोंडाला रंग लागण्याआधी

बारावीचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले आहेत. रात्रीची जेवणे आटोपली आहेत. ताटे उचलता उचलता मुलगी हळूच म्हणते, "बाबा, मला अभिनय करायचाय. नाटकात, मालिकांत काम करायचंय."

आईचा हात जागच्या जागी थांबतो. बाबा चष्मा काढून ठेवतात. "आपल्या घराण्यात आजवर कुणी तोंडाला रंग लावलाय का?" ते विचारतात. हा प्रश्न येणार हे मुलीला ठाऊकच असते. ती मोबाइल पुढे करते. त्यावर एक जाहिरात आहे. नव्या मालिकेसाठी नवे चेहरे हवेत, अनुभवाची गरज नाही. नोंदणी, छायाचित्रे आणि तीन महिन्यांचे प्रशिक्षण यांसाठी एकरकमी पैसे भरायचे, मग भूमिका नक्की! रक्कम वाचून बाबा गप्प होतात. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी बँकेत जी मुदत ठेव ठेवली आहे, जवळपास तेवढाच तो आकडा आहे.

हे दृश्य कुठल्याही एका घरातले नाही. नाशिक असो, नागपूर असो की इंदूर-बडोदा असो, थोड्याफार फरकाने ते अनेक घरांत घडते. त्याचा शेवट बहुतेक वेळा दोनपैकी एका प्रकारे होतो. एक तर बाबा साफ नकार देतात आणि मुलगी मनातल्या मनात कुढत राहते. किंवा आई रदबदली करते, ठेव मोडली जाते आणि तीन महिन्यांनी हाती राहतो तो गुळगुळीत कागदावरच्या छायाचित्रांचा एक संच. दोन्ही शेवट दुःखाचेच.

वास्तविक तिसरा मार्ग असतो. तो बिनखर्चाचा आहे, पण सोपा नाही. पैसे भरायचे नाहीत आणि स्वप्नही मोडायचे नाही. मुलीने निदान एक वर्ष आपल्याच गावातल्या एखाद्या नाटकाच्या तालमीला जाऊन बसायचे. अभिनयाची सुरुवात तिथे होते.

भूमिका विकत मिळत नसते

प्रथम पैशाचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रत्येक प्रयोगाचे मानधन मिळते. नाटकवाल्यांच्या बोलीत त्याला 'नाइट' म्हणतात. मालिकेत कामाच्या दिवसाप्रमाणे पैसे ठरतात. म्हणजे पैसे निर्मात्याच्या खिशातून नटाच्या खिशाकडे जातात. जिथे हा प्रवाह उलटा वाहू लागतो, जिथे भूमिका देण्यासाठी नटाकडूनच पैसे मागितले जातात, तिथे भूमिका नसतेच. मग त्या पैशाला नोंदणी म्हणा, अनामत म्हणा, वेशभूषेचा खर्च म्हणा की ओळखपत्राचे शुल्क म्हणा.

अभिनयाचे वर्ग चालवणारे सगळेच फसवे असतात, असा याचा अर्थ नव्हे. चांगले शिक्षक शिकवण्याची फी घेतात आणि ती त्यांनी घ्यावीच. परंतु ते शिकवण्याची हमी देतात, कामाची नव्हे. म्हणून कोणत्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन काही गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष शिकवणार कोण? त्यांनी स्वतः कोणती नाटके केली, ती कुठे झाली? एका तुकडीत किती मुले असतात? एक दिवस मागे बसून वर्ग पाहू देतील का? जुन्या विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? या प्रश्नांनी खरा शिक्षक रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या दारातूनच परत फिरावे.

महागड्या छायाचित्रांचीही प्रारंभी गरज नसते. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर काढलेला चेहऱ्याचा एक आणि पूर्ण उंचीचा एक असे दोन स्वच्छ फोटो पुरतात. ते अलीकडचे असावेत आणि त्यांत मुलगी जशी दिसते तशीच दिसावी. पात्रे निवडणाऱ्याला तिचा चेहरा पाहायचा असतो, रंगभूषाकाराची करामत नव्हे.

पहिला रंगमंच जवळच असतो

"पण आमच्या गावात काहीच नाही हो," असे अनेक मुले म्हणतात. थोडी चौकशी केली तर मात्र वेगळेच चित्र दिसते. महाराष्ट्रात शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा वेगवेगळ्या शहरांतील केंद्रांवर होते. बालनाट्य, संगीत नाटक, हिंदी आणि संस्कृत नाटक यांच्या स्पर्धा निराळ्या. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांत कारखान्यांतले कामगार आणि त्यांचे कुटुंबीय उतरतात. पुण्यात 'महाराष्ट्रीय कलोपासक' ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयीन एकांकिकांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेत आली आहे. मराठी रंगभूमीवरच्या कितीतरी नामवंतांनी या स्पर्धेत पहिली धडपड केली. गोव्यात कला अकादमीची मराठी नाट्य स्पर्धा आहे आणि गावोगावच्या जत्रांतून रात्र रात्र रंगणारी नाटके आहेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली, जिथे म्हणून मराठी माणसांची वस्ती आहे, तिथे गणेशोत्सव आहे आणि बहुतेक ठिकाणी महाराष्ट्र मंडळही आहे. उत्सवातले नाटक म्हणजे पोरखेळ, असे समजण्याचे कारण नाही. समोर ओळखीची दोनशे माणसे बसलेली असताना वाक्य न विसरणे ही लहान परीक्षा नव्हे. शिवाय परप्रांतातल्या मराठी मुलांना एक फायदा आहे, तो त्यांनी गमावू नये. इंदूरच्या मुलाने मराठीबरोबर हिंदी नाटकमंडळीत जावे, बडोद्याच्या मुलीने गुजराती नाटकातही काम मागावे. दोन भाषांत सहज बोलणारा नट पुढे दोन दारे ठोठावू शकतो.

पहिली भूमिका पडद्यामागची

नाट्यसंस्थेत गेल्यावर पहिल्या दिवशी बहुधा एकच उत्तर मिळते: "पात्रं ठरली आहेत. बॅकस्टेजला ये." इथेच निम्मी मुले परत फिरतात. आपण अभिनय करायला आलो, खुर्च्या उचलायला नव्हे, असे त्यांना वाटते. त्यांची पहिली चूक इथेच होते.

पडद्यामागचे काम काय शिकवते, ते पाहण्यासारखे आहे. समजा, दुसऱ्या अंकात चहाचा ट्रे आत जायचा आहे. त्यावर चार कप हवेत, त्यातला एक कान तुटलेला हवा, कारण त्यावर संवाद आहे. तो कप ठेवायचा राहिला, तर रंगमंचावरचा नट नसलेल्या कपाकडे पाहत उभा राहील आणि नंतरची चार वाक्ये कोलमडतील. ज्या मुलीने महिनाभर तो ट्रे सांभाळला, तिला एक गोष्ट कायमची कळते. नटाचे वाक्य त्याच्या एकट्याचे नसते. दिवे सांभाळणारा, पडदा ओढणारा आणि समोरचा नट मिळून ते उभे करतात.

प्रॉम्प्टिंगचे काम तर उत्तम शाळा आहे. संहिता हातात घेऊन रोज बसले की नट नेमके कुठे अडखळतात ते दिसू लागते. सारखी दिसणारी दोन वाक्ये आली की ते घसरतात. ज्या वाक्याचा अर्थ उमगलेला नाही, तेच वाक्य ते विसरतात. एक दिवस एखादी नटी तालमीला येऊ शकत नाही. दिग्दर्शक इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "तू प्रॉक्सी उभी राहतेस का?" सगळे नाटक ऐकून ऐकून जिचे पाठ झाले आहे, ती उभी राहते. कितीतरी जणांची पहिली भूमिका अशीच चालून आलेली असते. तिला लोक नशीब म्हणतात. पण नशीब आले तेव्हा ती मुलगी तालमीच्या खोलीत हजर होती, हे विसरून कसे चालेल?

विंगेत उभे राहून एकच नाटक दहा वेळा पाहणे हाही अभ्यासच आहे. ज्या वाक्याला काल हशा आला, त्याला आज का आला नाही? नटाने वाक्य घाईत टाकले की समोर कुणी खोकले? हे प्रश्न ज्याला पडू लागले, त्याच्यातला प्रेक्षक मागे पडून नट जागा होऊ लागला असे समजावे.

घरच्या घरी रोजचा रियाज

गायकाला रियाज लागतो हे सर्वांना पटते. नटालाही तो लागतो, हे मात्र पटायला वेळ लागतो. रोज अर्धा-पाऊण तास दिला तर घरीच बरेच काही साधते.

पहिला अभ्यास आवाजाचा. ताठ उभे राहून, खांदे न उचलता, पोटापर्यंत श्वास घ्यावा आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचावा. कोणीतरी शेजारच्या खोलीत बसून ऐकावे. बहुतेक नवशिके वाक्याचे शेपूट गिळतात. मराठीत हा दोष फार महाग पडतो, कारण आपले क्रियापद शेवटी येते. "मी त्याला ओळखत" एवढे ऐकू आले आणि पुढचे "होतो" की "नव्हतो" हे शेवटच्या रांगेला कळलेच नाही, तर सगळा प्रवेशच वाया गेला.

दुसरा अभ्यास उच्चारांचा. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे 'जगत राहा'. लिहिताना दोन्ही सारखेच, बोलताना 'ज' निराळा. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांतले अंतर कानाने ओळखता आले पाहिजे. परप्रांतात वाढलेल्या मुलांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. मात्र उच्चार सुधारायचे म्हणजे घरची बोली टाकायची, असे नाही. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी ही तर नटाची शिदोरी आहे. प्रमाण भाषा आणि आपली बोली, दोन्ही हुकमी असलेल्याला कधी कोणती भूमिका मिळेल ते सांगता येत नाही.

तिसरा अभ्यास पाठांतराचा. आधी प्रवेशाचा अर्थ लावावा आणि मग शब्द पाठ करावेत. केवळ आपली वाक्ये पाठ करून भागत नाही. समोरच्याचीही यायला हवीत, कारण अभिनयाचा अर्धा भाग ऐकण्यात असतो. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना वाक्ये म्हणून पाहावीत. हात दुसऱ्या कामात गुंतलेले असताना जी वाक्ये बिनचूक येतात, तीच रंगमंचावर टिकतात.

चौथा अभ्यास निरीक्षणाचा. नामवंतांच्या नकला करून टाळ्या मिळतात, पण नक्कल म्हणजे अभिनय नव्हे. एसटी स्थानकावर अर्धा तास बसावे आणि माणसे वाट कशी पाहतात ते बघावे. मुलाची वाट पाहणारी आई आणि उशीर झालेल्या बसची वाट पाहणारा कारकून, दोघेही वाटच पाहतात. पण एकीचे डोळे रस्त्यावर असतात आणि दुसऱ्याचे घड्याळावर. घरी येऊन ते करून पाहावे.

याच्या जोडीला वाचन हवेच. गावातल्या वाचनालयातून आठवड्याला एक नाटक आणावे. देवल, गडकरी, कानेटकर, तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर असा प्रवास वर्षभरात सहज होतो. त्याला वाचनालयाच्या वर्गणीपलीकडे खर्च येत नाही.

पोटापाण्याचे काय?

बाबांची खरी काळजी इथे असते आणि ती रास्त आहे. केवळ अभिनयावर घर चालवणारे थोडेच असतात. हे सत्य मुलांपासून लपवू नये. पण त्याबरोबर दुसरे सत्यही सांगावे. मराठी रंगभूमीवर मोठी झालेली कितीतरी माणसे आधी दुसरे काम करत होती.

डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. वैद्यकीय शिक्षणाच्या काळापासून ते पुण्यात हौशी नाटके करत होते. व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले ते १९६९ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आले. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, तर त्यातले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, हे मानसोपचारतज्ज्ञ. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत होते. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली त्यांची बेणारेही शिक्षिकाच. सत्तरच्या दशकात त्याच शाळेचे सभागृह प्रायोगिक रंगभूमीचे केंद्र बनले.

ही उदाहरणे शिकल्यासवरल्या घरांतलीच आहेत, असे कोणी म्हणेल. मग निळू फुले आठवावेत. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते माळीकाम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करत. तिथून ते लोकनाट्यात आले आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना पडद्यावर आणले. झाडांना पाणी घालणाऱ्या या माणसाच्या नुसत्या नजरेने पुढे चित्रपटगृहातल्या बायाबापड्यांचा थरकाप उडत असे.

या सर्वांनी अभिनयासाठी पोटापाण्याचा मार्ग एकदम सोडून दिला नाही, आणि पोटासाठी अभिनयही सोडला नाही. दोन्ही हातांनी दोन कामे धरून त्यांनी वर्षानुवर्षे उमेदवारी केली. नवशिक्यांनी त्यांच्या यशाआधी ही वर्षे मोजावीत.

रीतसर शिक्षण कुठे मिळते?

वर्ष-दोन वर्षे हौशी रंगभूमीवर काढल्यानंतरही ओढ टिकली, तर रीतसर शिक्षणाचा विचार करावा. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये स्थापन झाले. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ असून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. प्रवेशासाठी पदवी तर लागतेच, शिवाय नाटकांतल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो. म्हणजे गावातल्या तालमीत काढलेले वर्ष इथेही उपयोगी पडते. पुण्याच्या रोहिणी ओक या विद्यालयातून १९७४ मध्ये शिकून बाहेर पडल्या. 'गांधी' या १९८२ च्या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवणाऱ्या रोहिणी हट्टंगडी त्या याच.

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झाली. मध्यंतरी अनेक वर्षे बंद असलेला अभिनयाचा अभ्यासक्रम तिथे पुन्हा चालू झाला आहे. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्‌स अकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील नाट्यविभाग, भोपाळचे मध्य प्रदेश नाट्य विद्यालय, लखनौची भारतेंदु नाट्य अकादमी असे अनेक मार्ग आहेत. प्रवेशाचे नियम, वयाची अट आणि तारखा दरवर्षी बदलू शकतात. त्या संस्थेकडूनच मागवाव्यात, मध्यस्थाकडून नव्हे.

कॅमेऱ्यासमोर जाताना

नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे लागते. कॅमेरा मात्र पापणीची हालचालही टिपतो. म्हणून रंगमंचावरचा नट पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर गेला की त्याला "कमी कर, कमी कर" असे ऐकावे लागते. दुसरी अडचण सातत्याची. एकच प्रवेश निरनिराळ्या कोनांतून पुन:पुन्हा चित्रित होतो. पहिल्या वेळी ज्या शब्दावर उजव्या हाताने कप उचलला, त्याच शब्दावर, त्याच हाताने तो प्रत्येक वेळी उचलावा लागतो. पडद्यामागे ट्रे सांभाळलेल्या मुलीला हे चटकन जमते.

आता पहिली ऑडिशन बहुधा मोबाइलवर चित्रित करून पाठवायची असते. साधी भिंत, समोरून येणारा उजेड आणि स्पष्ट आवाज एवढे पुरे. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगाव्यात. समोरची वाक्ये घरातल्या कोणीतरी वाचावीत. नकार आला, किंवा उत्तरच आले नाही, तर लगेच खचू नये. कधी उंची नायकाशी जुळत नाही, कधी वय जास्त दिसते, कधी तारखा जमत नाहीत. यांपैकी काहीच अभिनयाशी संबंधित नसते.

काम मिळाल्यावरही हिशेब विसरू नये. मालिकांच्या कामाचे पैसे बहुधा तीन महिन्यांनी हाती येतात. मुंबईला जायचेच असेल, तर निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असावा. करार घरी आणून वाचावा, जाणत्याला दाखवावा. किती काळ दुसरीकडे काम करता येणार नाही, हे त्यात लिहिलेले असते. "आजच सही करा" म्हणणाऱ्याला "उद्या करू" असे सांगता आले पाहिजे.

सुरक्षिततेबाबत संकोच कामाचा नाही. ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत, दिवसाउजेडी असावी. मुलगी असो वा मुलगा, प्रारंभी सोबत कोणी असावे. हॉटेलच्या खोलीत बोलावणे आले, तर जाऊ नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि तो चित्रीकरणाच्या ठिकाणीही लागू होतो. काही विपरीत घडले तर "तूच कशाला गेलीस?" असे घरचे म्हणणार नाहीत, ही खात्री मुलीला आधीपासून असली पाहिजे. ही खात्री कायदा देऊ शकत नाही. ती आईबाबांनीच द्यायची असते.

घरच्यांचा वाटा

मग त्या रात्री बाबांनी काय म्हणावे? त्यांनी "नाही" म्हणू नये आणि "हो" म्हणून ठेवही मोडू नये. त्यांनी मुदत द्यावी. "एक वर्ष तू नाटकाला दे. कॉलेज चालू राहील. रात्री तालमीहून घरी कसं यायचं ते संस्थेतल्या मोठ्या माणसांना भेटून मी ठरवीन. वर्षाने आपण दोघं बसून बोलू." एवढ्या चार वाक्यांत भांडण संपते आणि काम सुरू होते.

त्या वर्षात रोज "टीव्हीवर कधी दिसणार?" असे विचारू नये. "आज तालमीत काय झालं?" असे विचारावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागलीच सांगत सुटू नये, लपवूनही ठेवू नये. आणि लहानशी का होईना, भूमिका मिळाली की प्रयोगाला जरूर जावे. वाक्य एकच असेल तरी जावे.

वर्ष संपल्यावर विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. काम नसतानाही ती तालमीला वेळेवर जात होती का? दिग्दर्शकाने सर्वांसमोर चूक दाखवली, तरी दुसऱ्या दिवशी गेली का? दुसऱ्याला चांगली भूमिका मिळाली, तेव्हा तिने त्याची वाक्ये मन लावून घटवून घेतली का? यांची उत्तरे "हो" अशी असतील, तर पुढचे पाऊल टाकायला हरकत नाही. ती "नाही" असतील, तरी काही बिघडले नाही. वर्षभरात तिला स्वच्छ बोलायला आले, चार लोकांत काम करायला आले, नकार पचवायला आला. शिक्षिका, वकील, अधिकारी, ती जे काही होईल, तिथे हे कामी येईल. आणि "मला करूच दिलं नाही" हा सल जन्मभर उरात राहणार नाही.

बँकेतली ठेव एव्हाना व्याजासह तशीच आहे. गावातल्या नाट्यगृहात दुसरी घंटा झाली आहे. बाबा पाचव्या रांगेत बसले आहेत, आई हातातला कार्यक्रमाचा कागद पुन:पुन्हा वाचते आहे. त्यात मुलीचे नाव पात्रांच्या यादीत सगळ्यांत खाली आहे. विंगेत ती ट्रेवरचे चार कप पुन्हा एकदा मोजते. कान तुटलेला कप जागेवर आहे. आज तो ट्रे तीच आत घेऊन जाणार आहे आणि एक वाक्य बोलणार आहे.

तिसरी घंटा होते. बाबा खिशातून मोबाइल काढून बंद करतात आणि पुढे सरकून बसतात.